पाणी बदललं होतंस का?

धरमपेठ, नागपूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चारपैकी साडेतीन पानं तक्रारीची: समुद्र शेकडो किलोमीटरवर, ॲप्लिसिया नावाची समुद्री गोगलगाय कॅलिफोर्नियाची, आणि इथे साधा इलेक्ट्रोड मिळत नाही. त्या तक्रारी रास्त आहेत, त्यांचं आपण नंतर बघू. उरलेल्या अर्ध्या पानात तू लिहिलंयस, "इएलएच (एग-लेइंग हॉर्मोन) या संप्रेरकामुळे ॲप्लिसिया अंडी घालते." मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल.

वाक्य चुकीचं नाही, परीक्षेत पूर्ण मार्क मिळतील. पण त्यातल्या 'मुळे'खाली तू किती काय झाकून टाकलंस ते बघ.

ॲप्लिसियाच्या पोटातल्या गँग्लियनच्या, म्हणजे चेतापेशींच्या गाठीच्या, वरच्या टोकाला बॅग सेल्सचे दोन झुबके असतात, प्रत्येकात २०० ते ४०० चेतापेशी. एरवी त्या अगदी गप्प असतात. योग्य इशारा काही सेकंद जरी मिळाला, तरी सगळ्या एकदम पेटतात आणि इशारा थांबल्यावरही सुमारे अर्धा तास विझत नाहीत. त्यानंतर कित्येक तास त्यांना कितीही डिवच, तसा भडका पुन्हा उडत नाही.

१९६७ मध्ये अर्व्हिंग कुफरमन यांनी या झुबक्यांचा अर्क दुसऱ्या ॲप्लिसियाला टोचला आणि तिने अंडी घातली. तुझं वाक्य तिथून आलंय. पण अंडी घालताना ती करते काय, हे तू वाचलंस का? चालणं थांबवते. खाणं सोडते, आणि हा एरवी शेवाळावर सतत तुटून पडणारा प्राणी आहे. मग अंड्यांचा बाहेर येणारा दोरा ओठांच्या घडीत धरते, मान डोलवत डोलवत त्याची वेटोळी घालते आणि तो गोळा खडकाला चिकटवून टाकते. दिसायला थेट गच्चीवर वाळत घातलेली कुरडई. एका दोऱ्यात दहा लाखांवर अंडी असू शकतात.

एवढं सगळं एका रेणूला कसं जमतं? रिचर्ड शेलर, रिचर्ड ॲक्सेल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जे छापलं, ते मुळातून वाच. एका जनुकावरून आधी एक लांबलचक प्रथिन बनतं आणि पेशी ते ठरलेल्या जागी कापते. त्यातला ३६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे तुझं इएलएच. ते रक्तातून बीजग्रंथीपर्यंत जातं, तिथले स्नायू आवळतं आणि अंडी बाहेर पडतात. तेच जवळच्या आर-१५ नावाच्या चेतापेशीला चेतवतं. त्याच प्रथिनातून निघालेला दुसरा चिमुकला तुकडा शेजारच्या काही पेशींना गप्प बसवतो. म्हणजे एकाच कारखान्यातून चालू करणारा माल निघतो आणि बंद करणाराही.

शिवाय ताज्या अंड्यांवरून ॲट्रॅक्टिन नावाचं ५८ आम्लांचं गंधद्रव्य पाण्यात सुटतं, त्या वासाने आणखी ॲप्लिसिया जमतात आणि समागमाच्या साखळ्या लागतात. सगळ्या उभयलिंगी, पुढचीसाठी नर, मागचीसाठी मादी. (हे शिकवताना मागच्या बाकांवर दरवर्षी खुसखुस व्हायची.)

आता माझी फजिती ऐक. एम.एस्सी.ला मीही असाच 'मुळे'वाला होतो. समुद्र नव्हता, म्हणून अंबाझरी तलावाच्या काठाने जलपर्णीच्या पानांखालून लिम्निया वेचल्या. गोड्या पाण्यातली ही गोगलगाय बोटाच्या पेराएवढी. तिच्या युरोपातल्या चुलत बहिणीच्या मेंदूत कॉडोडॉर्सल पेशी असतात, त्यांचं संप्रेरकही ३६ आम्लांचं आणि इएलएचच्याच नात्यातलं. मी मेंदूंचा अर्क केला, दहा जणींना टोचला आणि त्यांना स्वच्छ बरण्यांत सोडलं. सकाळी नऊ बरण्यांच्या काचेवर अंड्यांच्या लिबलिबीत पारदर्शक पट्ट्या! मी सायकल हाणत माझ्या सरांच्या घरी. त्यांनी चहा बशीत ओतता ओतता एवढंच विचारलं, "पाणी बदललं होतंस का?"

बदललं होतं. मुद्दाम.

"मग काही न टोचता नुसतं पाणी बदलून पाहा."

पाहिलं. दहापैकी आठ जणींनी अंडी घातली. मळक्या पाण्यातून स्वच्छ पाण्यात आणलं की याच कॉडोडॉर्सल पेशी पेटतात, हे ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी जिवंत, फिरत्या गोगलगायींत बारीक तारा बसवून दाखवलंय. आणि मी पाण्याची करामत अर्काच्या नावावर खपवत होतो.

तेव्हा इलेक्ट्रोडची वाट बघत बसू नकोस. एक लिम्निया घे आणि तीन तास तिच्यासमोरून उठू नकोस. आधी ती थबकते. मग कवच इकडे-तिकडे वळवायला लागते आणि तोंडाने काच खरवडून साफ करते. त्यानंतर अंडी. झाल्यावर त्या पट्टीवरून ओठ टेकवत एकदा सरकत जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाळत घातलेले पापड चाचपून बघणारी आई आठवली. हे वहीत लिहायचं नाही. वहीत लिहायचं: ७.१० थबकली, ७.५० कवच वळवलं, ८.५० अंडी सुरू. अशा वीस नोंदी झाल्या की तुला कळेल, तुझं 'मुळे' यातल्या नेमक्या कोणत्या मिनिटाला लावायचं.

तीन गोष्टी विसरू नकोस. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेव, क्लोरिन उडू दे. हातमोजे घाल. या गोगलगायी गुराढोरांच्या यकृतकृमीची पिल्लं पोटात बाळगतात. आणि बरण्या खिडकीत ठेवू नकोस, मे महिन्यात आतलं पाणी अक्षरशः शिजतं. कूलरच्या खोलीत, पण झोताबाहेर ठेव.

रविवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत अंबाझरीला जाऊन येऊ. काकूंनी लोणच्याच्या सहा बरण्या काढून दिल्यात, पण त्यांतल्या तीन बरण्यांचा वास अजून गेलेला नाही. दोन-चार तूही घेऊन ये.

तुझा,
सर