बाजार सतत बदलत असेल तर छोट्या धंद्याने पुढची आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्यात कापडी पिशव्या शिवायचं छोटं युनिट, सहा कामगार, ऑनलाइनवाले भाव पाडतायत, आणि सल्लागार म्हणतोय की पाच वर्षांची योजना करा, कर्ज काढा, कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन (न विणलेल्या) पिशव्यांचं ऑटोमॅटिक मशीन घ्या. माझं मत आधीच सांगतो: मशीन आत्ता घेऊ नका. का, हे सांगायला माझी हकीकत सांगावी लागेल.

इंदूरला आमचा छापखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या केसेस, ट्रेडल मशीन आणि मुख्य काम मराठी लग्नपत्रिकांचं. रामबाग, लोकमान्यनगर, पार देवासपर्यंतची मराठी घरं आमच्याकडे यायची, कारण ऱ्हस्व-दीर्घ न चुकता मराठी जुळणी करणारे इथे मोजकेच. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, खिळे भंगारात गेले. ते बदल झेपले, कारण दोन बदलांच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळायचा.

2009 साली मी फ्लेक्सचं मशीन घेतलं. 14 लाख, बहुतेक कर्जाचे, पाच वर्षांचे हप्ते. तेव्हा चौरस फुटाला 18 रुपये सहज मिळत आणि माझा सगळा हिशेब त्या 18 वर बसवलेला. दोन वर्षांत आमच्याच रस्त्यावर आणखी चार मशीनं आली आणि भाव 8 वर आला. हप्ता तेवढाच राहिला. भाव पडतातच, त्याला कोणी काही करू शकत नाही. चूक माझी होती: हलणाऱ्या भावाला मी न हलणारा हप्ता बांधला होता. तो फेडायला रात्री दोन-दोनपर्यंत बॅनर छापायचो, आणि पत्रिकेचं जुनं गिऱ्हाईक आलं तर 'पुढच्या आठवड्यात या' म्हणायचो. पुढच्या आठवड्यात ते दुसऱ्याकडे गेलेलं असायचं. 2014 मध्ये मशीन चौथाई किमतीत विकलं.

त्यानंतर काउंटरवर एक वही ठेवली. आमच्याकडून काम न होता परत गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद त्यात होते. नाव नाही, तारीख, काय हवं होतं, किती हवं होतं, का जमलं नाही, एवढंच. विकलेल्याचा हिशेब सगळेच ठेवतात. पण बाजार कुठे सरकतोय याची पहिली खबर परत गेलेल्या माणसाकडेच असते, आणि तो गेला की खबरही जाते. त्या वहीची सुरुवातीची पानं आजही काढून बघतो. 'लेबल, 200 नग. आपण 2000 च्या खाली घेत नाही.' चार ओळी खाली, 'लेबल, 150, लोणच्याची बरणी.' मग 'लेबल, 300, शेवेचं पाकीट, तेल लागून शाई फुटते म्हणाल्या.' इंदुरात शेव-नमकीन घरोघरी बनतं, हे मला लहानपणापासून माहीत. पण त्या घरांना लेबल लागायला लागलंय हे मला वहीने सांगितलं.

तरी मी लगेच मशीन घेतलं नाही. चौदा महिने लेबलं बाहेरून जॉबवर्कने करून घेतली. सुटायचं फार थोडं, पण शिकलो पुष्कळ. तेलकट पाकिटाला साधा कागद चालत नाही, वर लॅमिनेशन लागतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, घरी माल बनवणाऱ्या त्या बायकांना छपाईआधी वेगळीच मदत हवी होती. अन्नसुरक्षेचा (FSSAI) 14 अंकी परवाना क्रमांक कुठे टाकायचा, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, यातलं काय राहिलं तर माल दुकानदार परत करतो, हे त्यांना कोणी समजावून सांगत नव्हतं. ऑनलाइनवाला माझ्यापेक्षा स्वस्तात लेबल देतो, आजही देतो. पण तुम्ही पाठवाल ते छापतो. आमच्याकडची मुलगी गिऱ्हाइकाला समोर बसवून पाकीट हातात घेते आणि विचारते, 'काकू, यावर वजन कुठंय?' ते गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी सोडून जात नाही.

मग सेकंडहँड लेबल मशीन घेतलं, आणि घेताना एकच कसोटी लावली: भाव निम्म्यावर आला तरी हप्ता निघतो का? निघत होता, म्हणून घेतलं.

पत्रिकांचं म्हणाल तर 2020 च्या मेमध्ये लग्नाला 50 माणसांची मर्यादा आली. आम्ही 300 च्या खाली ऑर्डर घेत नव्हतो, ती अट त्याच महिन्यात काढली. आता निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, त्याचं डिझाइन आम्हीच करतो आणि त्याचे पैसे वेगळे घेतो. सोबत पन्नास पत्रिका छापतो. इथे पहिली पत्रिका खजराना गणेशाच्या चरणी ठेवतात; ती कागदाचीच लागते, आणि घरातल्या मोठ्यांच्या हातातही कागदच द्यावा लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये घटस्थापनेपासून नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि जुन्या मालावर नव्या किमतीचं स्टिकर लावायची मुभा मिळाली. पाचशे-पाचशे स्टिकरं एका दिवसात हवी असलेली माणसं तेव्हा आमच्या दारात उभी होती. असल्या गोष्टी पाच वर्षांच्या कुठल्या योजनेत लिहिणार? हात मोकळा होता म्हणून ते काम घेता आलं.

कधी इंदूरला आलात तर रात्री सराफ्यात जा. दिवसा जिथे सोन्याचा व्यवहार होतो, तिथेच पेढ्या बंद झाल्या की ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि जलेबी विकतात. त्या खाऊवाल्यांपैकी कित्येकांना दिवसाची जागा लागतच नाही. खर्च कामापुरता, कामाच्या वेळेपुरता. धंद्याची आखणी म्हटलं की मला आधी तो रस्ता आठवतो.

आता तुमचं. नॉन-वोव्हन दिसायला कापड असलं तरी ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिक. 30 सप्टेंबर 2021 पासून चौरस मीटरला 60 ग्रॅमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्या चालत नाहीत. 1 जुलै 2022 पासून पत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म बंद झाली, 100 मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनरही. हे नियम आणखी कडक होणार नाहीत असं कोणी छातीठोक सांगू शकेल का? आणि ते ऑटोमॅटिक मशीन पिशव्या शिवत नाही, अल्ट्रासोनिकने, म्हणजे ध्वनिकंपनांनी चिकटवतं. तुमच्या सहा माणसांच्या हातातली शिलाई पहिल्याच दिवशी निकामी होईल. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. पाच-सहा वर्षं मन लावून शिवणारी माणसं नव्याने मिळत नाहीत.

नॉन-वोव्हनला मागणी खरंच येत असेल तर वर्षभर तयार पिशव्या घाऊक आणून विका, फार तर छपाई तुमची करा. परत गेलेल्या गिऱ्हाइकांची वही तुम्हीही ठेवा आणि दर तीन महिन्यांनी, कामगारांना सोबत बसवून, तिची पानं वाचा; मशीनवर बसणाऱ्याला आपल्याला न सुचलेलं सुचतं. एकाच गिऱ्हाइकाचं काम चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, ते गेलं तर महिन्याचे पगार अडतात.

आणि मशीनचं कोटेशन आलंच असेल, तर पिशवीमागे आज मिळणारा भाव निम्मा धरून हप्ता मांडून बघा. आकडे इथे टाकलेत तर मीही बसून बघेन.