आधी हवा मोज

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पावसात सिग्नलच्या अलीकडे पांढऱ्या पट्ट्यांवर मोटरसायकलचं मागचं चाक सरकलं, गाडी आडवी होता होता वाचली आणि तेव्हापासून तुझ्या डोक्यात तीनच गोष्टी घोळताहेत. एबीएसवाली, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी गाडी घ्यावी, भारीतले टायर टाकावेत, की पावसाचे महिने गाडी झाकूनच ठेवावी? जॅकेट कसलं आहे, चेनला कुठला स्प्रे मारतोस, सगळं सविस्तर लिहिलंस. टायरमध्ये हवा किती, हे मात्र कुठेच नाही. खरं सांगतो, राग आला.

गाडी रस्त्याला टेकते ती साधारण तळहाताएवढ्या दोन तुकड्यांवर. ब्रेक, वळण, पिकअप, तू जे काही करतोस ते त्या दोन तुकड्यांतूनच रस्त्यापर्यंत पोचतं, आणि ते तुकडे रस्त्यावर कसे बसतात हे हवा ठरवते. म्हणून आधी हवा मोज.

मोजायची ती गार टायरमध्ये. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. किती हवी ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतं, तिथे नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत. टायरच्या कडेवर छापलेला आकडा धरू नकोस, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या टायरला बहुधा जास्त हवा लागते. तेही स्टिकरवर असतं, फक्त कुणी वाचत नाही.

आता तू म्हणशील, पंपावर जाईपर्यंत टायर तापतो, मग गार कसा मोजू? हवा मोजायचा स्वतःचा गेज घे आणि निघण्याआधी घरीच मोज. समज 29 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवी आणि निघाली 25, म्हणजे 4 कमी. पंपावर पोचल्यावर तोच टायर तापून 27 दाखवेल, तर 31 पर्यंत भर. जेवढी कमी तेवढीच घालायची. दुसऱ्या सकाळी गार टायरमध्ये पुन्हा बघ, 29 च्या आसपास सापडेल. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही. रणरणत्या उन्हातसुद्धा नाही. कंपनीचा आकडा गार टायरचाच असतो आणि टायर तापणार हे त्यात धरलेलं असतं.

पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असं तुला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेल. हे ऐकलं की माझा संयम सुटतो. खोल चिखलात किंवा वाळूत हवा कमी करतात, डांबरावर नाही. ओल्या डांबरावर टायरच्या खाचांमधून पाणी बाहेर गेलं पाहिजे. हवा कमी असली की टायर दबतो, खाचा मिटतात, पाणी खालीच अडकतं आणि जरा वेगात चाक पाण्यावर तरंगायला लागतं. हवा जास्त झाली तर टेकणारा तुकडा लहान होतो आणि टायर खड्ड्याखड्ड्याला उडतो. स्टिकरवर जे आहे तेच ठेव, बाराही महिने.

पण ते टिकवायला हात हलवावा लागतो. टायर 10 अंशांनी गार झाला की हवा साधारण 1 ते दीड पीएसआयने उतरते. थंडीची पहिली लाट आली की काहीही न फुटता, न गळता टायर मऊ लागतो तो यामुळे. शिवाय एरवीही हवा हळूहळू झिरपत असतेच. म्हणून आठवड्यातून एकदा मोज, आणि हवामान पालटलं की त्याच सकाळी मोज. दोन मिनिटांचं काम आहे. निघताना मी गेज काढला की बरोबरचे लोक तोंड फिरवतात, मला हेकट म्हणतात. म्हणोत. क्लच-गिअर शिकवणारे पुष्कळ भेटतात, हवा मोजायला कुणी शिकवत नाही, ही माझी जुनी खंत आहे, आणि म्हणून हेकटपणा सोडायचा माझा विचार नाही.

गेज हातात आहे तोवर खाली बसून टायरही बघ. खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला, पुरता गोटा व्हायची वाट बघू नये. कडेवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. 3222 म्हणजे 2022 सालच्या 32 व्या आठवड्यातला टायर. खाचा शाबूत असूनही कडांना बारीक भेगा असतील तर रबर वाळलंय, बदल. आणि भारीतले नवे टायर टाकलेसच, तर पहिले 150 किलोमीटर बेतानं चालव. नवं रबर वरून गुळगुळीत असतं, आणि पावसात तर फारच.

तुझं चाक सरकलं त्याचं कारण साधं आहे. डांबराचा खरखरीतपणा रंगानं बुजतो, त्यावर पाणी पडलं की पकड जाते. गटाराची लोखंडी झाकणं आणि पुलावरचे लोखंडी सांधे यांचंही तेच. त्यात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, आणि घाबरल्यावर पाय मागच्या ब्रेकवरच जोरात पडतो. ब्रेकचं काम पट्ट्यांच्या अलीकडेच संपव. दोन्ही ब्रेक एकदम धर. पुढचा आधी हलका, गाडी पुढे बसली की मग दाब वाढव. पट्ट्यांवरून गाडी सरळ आणि ब्रेक न धरता जाऊ दे. 60 च्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. ओल्या रस्त्यावर एवढं अंतर आधीच हाताशी ठेवावं लागतं.

एबीएस चांगलं आहे. पुढे गाडी बदलशील तेव्हा जरूर घे. पण ते चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. मऊ टायरला ते पकड कुठून आणून देणार? आधी हवा मोज.

चेनचंही तू अर्धंच लिहिलंस. चेन फार ताणली तर मागचं चाक खड्ड्यात मोकळं खाली-वर होत नाही, सैल ठेवली तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात, आणि ओल्या रस्त्यावर तेवढा झटका मागच्या चाकाला पुरतो. रोजच्या बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर ढील (चेन मधोमध खाली-वर हलते ती) चालते, तरी तुझ्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घे. चाक फिरवत तीन-चार जागी बघ, चेन जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथे मोज. एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव, एक्सलचा नट पक्का कर, मागे ड्रम ब्रेक असेल तर तो पुन्हा जुळव. स्प्रे साधारण 500 किलोमीटरला मार, आणि भिजून आल्यावर चेन पुसून लगेच. खालच्या फेऱ्यावर आतल्या बाजूनं, चाक हातानं फिरवत. इंजिन चालू ठेवून कधीही नाही, चेन आणि तिच्या दातेरी चाकामध्ये बोट तुटतं. टायरच्या मध्ये जुना कपडा धर. रबरावर तेल उडालं तर वर लिहिलेलं सगळं फुकट.

गाडी झाकून ठेवायचा विचार सोड. उभ्या गाडीचीही हवा उतरते, बॅटरी बसते, आणि महिन्यांनी बाहेर काढशील तेव्हा तुझ्याच हाताची सवय मोडलेली असेल.

उद्या सकाळी दोन्ही टायर मोजून भर आणि आकडे लिहून ठेव. दोन दिवसांनी, तेवढ्याच गारव्यात, पुन्हा मोज. 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोड. बुडबुडे तोंडातून आले तर व्हॉल्व्हच्या आतली पिन बदल, बुडातून आले आणि टायर ट्यूबलेस असेल तर अख्खा व्हॉल्व्ह. कुठेच आले नाहीत तर चाक हळूहळू फिरवत सगळ्या खाचा तपास, बारीक खिळा निघेल. तो तिथेच उपटू नकोस, पंक्चरवाल्यासमोरच काढ.