पन्नाशीत कॅम्पर घेऊन निघायचंय, म्हणजे मी पळून जातोय का?

"मॅडम, हे मिडलाइफ क्रायसिस आहे का हो?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, फोनमध्ये कॅम्परचे, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीचे, व्हिडिओ सेव्ह केलेले, आणि आवाज असा की जणू कुणाचं तरी काही चोरलंय. कधी तो स्वतः येतो, कधी बायको हाताला धरून आणते, आणि बायकोला घेऊन आलेला नवरा पण मी पाहिलाय. म्हणून म्हणलं एकदा लिहूनच टाकू. एकाच जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि सात-आठ सेशन्स तीन-चार संवादांत कोंबलेत.

तो ५२, ती ५०. पहिल्या दिवशी तो फाइल घेऊनच आला. एक वर्ष, कॅम्पर, घर बंद. सगळं काढलेलं होतं, लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलं की लवकर मरते म्हणून लिथियमची घेणार, पाण्याची टाकी १०० लिटरची म्हणजे नुसतं पाणीच १०० किलो, मग सामान किती भरायचं त्याचा हिशोब वेगळा. वीस मिनिटं बोलत होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" मी तिला विचारलं.

"मला विचारलंय कोणी?"

"म्हणजे तुम्हाला जायचं नाहीये?"

"असं मी कधी म्हणलं?"

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. तो मात्र गेले आठ महिने तिला 'पटवत' होता, आणि जी गोष्ट तिला पटलेलीच होती तीच पटवत होता.

पुढच्या वेळी त्याला एकट्याला बोलावलं. "आत्ताच का?" एवढंच विचारलं. आधी नेहमीची उत्तरं आली, गुडघे चांगले आहेत तोवर, रात्री ड्राइव्ह करताना डोळे साथ देतायत तोवर वगैरे. मी गप्प बसले. मग म्हणाला,

"वडील अठ्ठावनला गेले. हार्ट."

"आणि तुम्ही बावन्न."

"सहा वर्षं," तो लगेच म्हणाला. वजाबाकी कधीचीच करून ठेवलेली होती.

इथे थोडं विषयांतर करते, मला राहवत नाही. मिडलाइफ क्रायसिस हा शब्द एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये एका निबंधात आणला, आणि त्या निबंधाच्या नावात पहिलाच शब्द होता मृत्यू. महागड्या गाड्या आणि रंगवलेले केस त्याला आपण नंतर चिकटवले. बर्निस न्यूगार्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनीही हेच फार साध्या शब्दांत मांडलंय, की मध्यम वयात माणूस जन्मापासून किती वर्षं झाली हे मोजायचं सोडून किती उरली ते मोजायला लागतो. हे मोजणं म्हणजे आजार नाही. उलट मी तर म्हणेन, अर्ध्या रस्त्यात एकदा तरी हा हिशोब डोळ्यासमोर आला नाही तर माणूस काहीच निवडत नाही, नुसता ढकलला जातो. आणि नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलंय की बहुतेकांना असा काही मोठा क्रायसिस येतच नाही. तेव्हा हे लेबल स्वतःला लावायची घाई नको.

पण त्याला मी एक विचारलंच. "शेवटचं बीपी कधी मोजलं?" आठवेना. बॅटरीचा व्होल्ट न् व्होल्ट पाठ, आणि स्वतःचं बीपी माहीत नाही. म्हणलं वडील हार्टने गेलेत ना, मग गाडीआधी स्वतःचं सर्व्हिसिंग. बीपी वाढलेलंच निघालं, गोळी सुरू झाली. नुसतं मरणाला घाबरायचं आणि त्याच्याकडे बघायचं मात्र नाही, हे आपण सगळेच करतो.

आता मुख्य भाग. मी त्यांना एक काम दिलं, त्याने ड्रॉइंगमध्ये दाखवलेली कॅम्परची आतली जागा, पुढच्या सीट सोडून साधारण पावणेचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद, हॉलमध्ये जमिनीवर टेप लावून आखायची आणि शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ त्याच्या आतच राहायचं, बाथरूमपुरती सूट. (ही माझी स्वतःची युक्ती आहे, आणि हो, मला तिचं जरा कौतुक आहे.)

सोमवारी दोघं आले. आज तो गप्प होता, ती बोलायला लागली.

"पहाटे उठले तर बसायला जागाच नाही. बसायचं टेबल मोडूनच रात्रीचा बेड केलेला, आणि त्यावर हा पसरलेला. मग मी टेपच्या कडेला उभी राहिले. घरी पाच ते सहा मी गॅलरीत असते. काही करत नाही हो, नुसती बसते. सव्वीस वर्षांत तेवढा एकच तास माझा आहे. ह्याच्या ड्रॉइंगमध्ये सायकल ठेवायला जागा आहे, तो तास कुठेच नाहीये."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळू म्हणाला, "मला वाटायचं तुला झोप येत नाही."

ती आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. मी काही बोलले नाही, बराच वेळ. नवीन होते तेव्हा अशा वेळी मी काहीतरी शहाणपणाचं बोलून माती करायचे.

त्या दिवशी मलाच काहीतरी समजलं. तोवर मी पण अशा लोकांना 'कशापासून पळताय' हेच विचारायचे. आता विचारते, तुमच्या घरातली कुठली भिंत तुमचा संसार सांभाळतेय? कारण घर बरंच काही लपवून ठेवतं, वेगळी खोली, ऑफिसच्या वेळा, कुणी आधी झोपतं कुणी नंतर, त्या अंतरावर कितीतरी लग्नं मजेत चाललेली असतात आणि त्यात वाईट काही नाही. कॅम्परमध्ये ते अंतर एका दिवसात संपतं. जे अंतर लागतं ते मग ठरवून बनवावं लागतं, लाजू नका. या दोघांनी रोज मोडावा न लागणारा कायमचा बेड आणि पुढची फिरणारी सीट घ्यायचं ठरवलं, मध्ये जाड पडदा. पहाटे पाच ते सहा पडद्याच्या पुढची बाजू तिची. सायकल एकच.

बाकी जे मी सगळ्यांनाच सांगते ते पण सांगून टाकते. विकत घ्यायच्या आधी भाड्याने घ्या, आणि निदान तीन आठवडे, कारण पहिला आठवडा सुट्टीच वाटते, खरं भांडण दुसऱ्या आठवड्यात येतं. शक्यतो खराब हवेत जा. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात तेवढ्यानेच काचा आतून ओल्या होतात, थंडी असली तरी व्हेंट (हवा खेळायचा झरोका) थोडा उघडा ठेवायचा, आणि कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म हा खर्च वाचवायचा नाही म्हणजे नाही. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, वीसेक लिटरची असते, दोघांत दोन-तीन दिवसांत भरते, ती कोण रिकामी करणार हे निघायच्या आधी बोला, हसू नका, यावरून अबोला धरलेली माणसं माझ्यासमोर बसलीत. घर पहिल्या वर्षी विकू नका. म्हातारे आईवडील असतील तर कुठल्या बातमीला कोण परत येणार हे आधीच ठरवा, फोन आल्यावर रस्त्याच्या कडेला ठरवू नका.

आणि एक गंभीर गोष्ट. सगळ्यातलाच रस गेलाय, झोप नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, किंवा उलट रोज तीन तास झोपूनही उत्साह उतू जातोय आणि सगळी बचत आजच्या आज गाडीत घालायचीय, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. कॅम्पर कुठे जात नाही.

ते दोघं तीन आठवडे जाऊन आले. बाराव्या दिवशी जोरदार भांडण झालं, नकाशावरून सुरू होऊन तिच्या सासूपर्यंत पोचलं, पाऊस होता म्हणून बाहेरही जाता येईना, तिने पडदा ओढला आणि दुपारच्या दोन वाजता पाच ते सहा जाहीर केले. मग कॅम्पर घेतली. एक वर्षाचे त्यांनी पाच महिने केले, तिच्या मागणीवरून.

परवा फोटो आला, धुक्याने भरलेली पुढची काच, फिरवलेली सीट रिकामी. खाली लिहिलेलं, "आज हा पण पाचला उठलाय, विचारून आत आला. बोलला नाही. आणि कॅसेटचा नंबर आज त्याचाच आहे."