आई, तू पण उतर ना!

प्रश्न: ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, रविवारी सकाळी नेरुळला क्लबमध्ये फुटबॉल खेळते आणि मी दोन तास पायरीवर बाटल्या सांभाळत बसते. आता आम्ही आठ-दहा आया मिळून नेटबॉलची टीम करायची म्हणतोय, कोचही हो म्हणालेत. मी ४४ची, शाळेत खो-खो खेळले त्यानंतर काही नाही. सासूबाई म्हणतात गुडघे जातील. उतरू का?
- एक आई, सीवूड्स

उत्तर: उतराच. आणि खो-खो खेळलात ना, मग झटकन वळायची सवय अंगात कुठेतरी आहेच. नेटबॉलमध्ये एका टीमच्या सात जणी, प्रत्येकीच्या बिबवर (टी-शर्टवर घालायच्या बिनबाह्यांच्या जाकिटावर) तिच्या जागेची अक्षरं असतात आणि ज्या भागात खेळायची परवानगी तेवढ्यातच फिरायचं, म्हणजे सगळ्या कोर्टभर कुणालाच धावावं लागत नाही. मधल्या जागेवरच्या सेंटरला मात्र खूप पळावं लागतं, ती जागा पहिल्या महिन्यात घेऊ नका. बॉल आपटत न्यायचा नाही, तीन सेकंदांत पास द्यायचा, आणि रिंगमध्ये बॉल टाकून गोल फक्त दोघींनीच करायचा.

आमच्याकडे ठाण्यात पहिल्या रविवारी एका ताईंनी बॉल पकडला, पोटाशी घट्ट धरला आणि तशाच धावत सुटल्या, शिट्टी वाजली तरी थांबेनात, त्यांची मुलगी बाहेरून ओरडतेय "आई पास दे, पास दे!" चौथ्या रविवारी त्याच ताई उडी मारून बॉल घ्यायच्या, एक पाय टेकवून त्यावर वळायच्या आणि छातीतून सरळ पास द्यायच्या, मला तर बघतच राहावंसं वाटलं.

सासूबाईंचं मात्र अगदीच चुकीचं नाहीये. या खेळात पळता पळता एकदम थांबावं लागतं, त्याचा ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. म्हणून पहिले दोन-तीन रविवार मॅच नकोच, नुसतं उडी मारून उतरायला शिका, दोन्ही पाय टेकवून, गुडघे वाकवून, गुडघा आत न जाऊ देता. वॉकिंगचे जाड मऊ सोलचे बूट नकोत, त्यात घोटा मुरगळतो, सपाट सोलचे कोर्ट शूज घ्या. पावसाळ्यात सिमेंटवर शेवाळ धरतं तेव्हा सरळ सुट्टी, त्यात हट्ट करू नका. गुडघा आधीच दुखत असेल तर आधी डॉक्टर.

कोर्टाचं टेन्शन घेऊ नका. सेक्टरच्या गार्डनमध्ये बास्केटबॉलचं कोर्ट असेल तर प्रॅक्टिसला चालतं, नेटबॉलचं ३०.५ बाय १५.२५ मीटर, बास्केटबॉलचं त्याहून थोडंसंच लहान. रिंगची उंचीही तीच, ३.०५ मीटर, फक्त नेटबॉलच्या रिंगला मागे फळी नसते आणि ती अरुंद असते, त्यामुळे नेम जास्त धरावा लागतो.

प्रश्न: वडील ६३ वर्षांचे, कॉलेजला फुटबॉल खेळायचे. आता टर्फवर आमच्यात उतरायचं म्हणतात, आम्हाला भीती वाटते.
- एक मुलगा, घोडबंदर रोड

उत्तर: तुमच्यात नको, पण घरीही बसवू नका. वॉकिंग फुटबॉल लावा. इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डला २०११ मध्ये सुरू झालं, पळायचं नाही, पळालं की फाऊल, धक्का द्यायचा नाही. आधी हार्टची तपासणी, मग क्लबमधल्या बाकीच्या आजोबांना गोळा करायचं काम त्यांच्याकडेच द्या, ते आनंदाने करतील.

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, मुलांच्याच ग्रुपमध्ये खेळते. मोठ्या बॉलने पाय दुखतो म्हणते आणि नातेवाईक म्हणतात डान्स क्लासला घाला.
- एक बाबा, ऐरोली

उत्तर: बॉल पाच नंबरचा असणार, तो मोठ्यांचा. या वयाला चार नंबर हवा, कोचला स्पष्ट सांगा. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. डान्स तिला आवडत असेल तर तोही करू दे, पण फुटबॉल सोडून नको. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल नेरुळलाच डी. वाय. पाटीलमध्ये झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, हे त्या नातेवाइकांना सांगा आणि या रविवारी तिची मॅच बघायला त्यांनाही घेऊन या.