रास्पबेरी पायवर जुने आर्केड गेम खेळताना बटण उशिरा लागतं, नवीन बोर्ड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की रास्पबेरी पाय ३ (छोटा, एकाच बोर्डाचा कॉम्प्युटर), यूएसबी जॉयस्टिक आणि मोठा टीव्ही असा सेटअप आहे, रेट्रोआर्क या जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर पॅकमॅन आणि स्ट्रीट फायटर २ खेळताय, स्पीड आणि आवाज ठीक आहे पण बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होते, आणि कुणीतरी सांगितलं की बोर्ड कमी पडतोय, पाय ५ घ्या. माझं स्पष्ट मत, आत्ता काहीच विकत घेऊ नका. आवाज तुटत नाही आणि गेम रखडत नाही म्हणजे बोर्ड त्याचं काम वेळेत संपवतोय. बोर्ड कमी पडला की गेम स्लो होतो, आवाज कडकडतो. लॅग वेगळी गोष्ट आहे, त्यात गेम पूर्ण वेगाने चालतो पण चित्र तयार होऊन कुठेतरी रांगेत उभं असतं, आणि ही रांग बहुतेक वेळा बोर्डाच्या बाहेर असते.

थोडं हिशोबात बघू. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, एक चित्र किंवा फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. पॅकमॅनच घ्या, १९८० चा गेम, पहिल्या लेव्हलला मोकळ्या रस्त्यावर ठिपके खात नसताना तो एका फ्रेमला एक पिक्सेल सरकतो आणि चक्रव्यूहातला एक चौकोन ८ पिक्सेलचा आहे. आता लॅग १०० मिलिसेकंद असेल तर ६ फ्रेम गेल्या, म्हणजे तुम्ही काठी वर केली तोवर पॅकमॅन ६ पिक्सेल पुढे, जवळजवळ अख्खा चौकोन ओलांडून. आणि या गेमची खरी गंमत कोपऱ्यात आहे, वळणाच्या ३-४ पिक्सेल आधीच काठी फिरवली तर पॅकमॅन कोपरा कापून वळतो आणि मागच्या भुतापासून थोडं अंतर मिळतं, कारण भुतांना तसं वळता येत नाही. ६ पिक्सेलच्या लॅगमध्ये ही युक्ती मेलीच म्हणायची, तुम्ही बरोबर वेळेला काठी हलवता आणि पॅकमॅन सरळ निघून जातो. त्यामुळे 'मला आता जमत नाही, हात मंद झाला' असं वाटायला लागतं. मला सहा-सात महिने असंच वाटत होतं आणि मी खेळणं जवळपास सोडलं होतं, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

आधी मोजा. बहुतेक लोक हेच करत नाहीत आणि मग अंदाजाने सेटिंग बदलत बसतात. फोनच्या स्लो मोशनमध्ये २४० एफपीएस, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम असेल तर त्याची एक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची पडते. फोन कशाला तरी टेकवून असा ठेवा की बोट, बटण आणि स्क्रीन तिन्ही एकत्र दिसतील, स्ट्रीट फायटरमध्ये उभ्या-उभ्या ठोसा मारा, आणि मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बटण पूर्ण खाली गेल्यापासून हात हलेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. एकदा मोजून भागत नाही, दहा वेळा मोजून सरासरी काढा, कारण बटण गेमच्या फ्रेमच्या सुरुवातीला दाबलं की शेवटी यावर आकडा गेमच्या एका फ्रेमने इकडे तिकडे होतो. माझ्याकडे पहिल्यांदा फोनच्या ३१ फ्रेम आल्या, म्हणजे १२९ मिलिसेकंद (पुढचे माझे आकडेही फोनच्याच फ्रेमचे). विश्वास बसेना म्हणून परत मोजलं, तेच.

मग टीव्ही. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही, नॉइज काढणं, हालचाल गुळगुळीत करणं, धार वाढवणं असले सोपस्कार करत बसतो आणि त्यासाठी काही फ्रेम अडवून ठेवतो, सिनेमाला काही फरक पडत नाही पण इथे सगळा खेळ त्यावरच. गेम मोड चालू करा, आणि हे नीट तपासा की तो तुमच्या त्याच एचडीएमआय पोर्टला लागू झालाय, कारण बऱ्याच टीव्हींमध्ये पिक्चर मोड प्रत्येक पोर्टला वेगळा सेव्ह होतो. माझा नेमका तसाच होता, मी गेम मोड लावला होता पण दुसऱ्या पोर्टला. योग्य पोर्टला लावल्यावर ३१ वरून १७ फ्रेमवर आलो, म्हणजे ७१ मिलिसेकंद. पैसा खर्च न करता जवळपास निम्मा लॅग गेला. गेम मोड नसेलच तर जुना कॉम्प्युटर मॉनिटर लावून बघा, त्यात असले सोपस्कार फारच कमी असतात.

आता रेट्रोआर्क. त्याच्या सेटिंगमध्ये थ्रेडेड व्हिडिओ चालू असेल तर बंद करा, त्याने हलक्या बोर्डवर गेम गुळगुळीत दिसतो पण लॅग वाढतो. मग मॅक्स स्वॉपचेन इमेजेस ३ असेल तर २ करा. हीच ती रांग, तयार चित्रं किती साठवायची ते यावर ठरतं, ३ ठेवलं की बोर्डाला श्वास घ्यायला जागा मिळते आणि त्याबदल्यात तुम्ही एक फ्रेम मोजता. २ केल्यावर जड गेम रखडायला लागला तर त्या गेमपुरतं परत ३ करा, सेटिंग प्रत्येक गेमला वेगळं सेव्ह करता येतं. डेस्कटॉप चालू ठेवून त्याच्या खिडकीत गेम चालवत असाल तर तेही सोडा, डेस्कटॉप मधे स्वतःचं चित्र जुळवत बसतो, रेट्रोआर्क थेट कन्सोलवरून, म्हणजे डेस्कटॉप न उघडता नुसत्या कमांडच्या स्क्रीनवरून चालवा. एवढं झाल्यावर माझा आकडा १३ फ्रेम, ५४ मिलिसेकंद.

फ्रेम डिले नावाचं अजून एक सेटिंग आहे, ते लोक घाबरून हात लावत नाहीत पण पॅकमॅनसारख्या हलक्या गेमला फार चांगलं आहे. काय होतं की एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) फ्रेमच्या सुरुवातीलाच तुमचं बटण वाचतो, समजा ४ मिलिसेकंदात चित्र बनवून मोकळा होतो आणि उरलेले १२-१३ मिलिसेकंद नुसता थांबतो, त्या वेळात तुम्ही काही दाबलं तर ते पुढच्या फ्रेमला. फ्रेम डिले ८ दिला की तो आधी ८ मिलिसेकंद थांबतो, मग बटण वाचतो, मग चित्र बनवतो, म्हणजे वाचलेलं बटण ८ मिलिसेकंद ताजं. एकेकाने वाढवत जा, आवाज कडकडला की दोनने मागे या.

जॉयस्टिकचं लोक उगाच जास्त मनावर घेतात. बोर्ड यूएसबीला ठराविक अंतराने विचारतो की काही दाबलंय का, १२५ हर्ट्झ असेल तर दर ८ मिलिसेकंदांनी, म्हणजे सरासरी ४ मिलिसेकंद गेले, १००० हर्ट्झला सरासरी अर्धा. तेव्हा काठी बदलून साडेतीन मिलिसेकंद मिळणार आणि टीव्हीत ५०-६० अडकलेत, क्रम त्याप्रमाणे ठरवा. हां, ब्लूटूथ असेल तर आधी वायर लावून बघा. आणि स्वस्त एन्कोडर बोर्डावर (बटणं यूएसबीला जोडणारा छोटा बोर्ड) झिरो डिले लिहिलेलं असलं तरी ते फक्त नाव आहे, आत मोजमाप केलेलं असतंच असं नाही. पुढे कधी स्वतः जोडाजोड करायची हौस आली तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घेऊन त्यावर जीपी२०४०-सीई हे गेम कंट्रोलरचं फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाका, ते १००० हर्ट्झवर चालतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मूळ मशीनवरसुद्धा शून्य लॅग नव्हता. बरेच गेम बटण वाचून त्याचा परिणाम दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेमला दाखवतात, ते गेमच्या कोडमध्येच आहे. हे घरबसल्या बघता येतं, कीबोर्ड जोडा, रेट्रोआर्कमध्ये पी दाबून पॉज करा, ठोशाचं बटण दाबून धरा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे जा. कितव्या फ्रेमला हात हलला ते मोजा. तिसऱ्या फ्रेमला हलला तर त्यातून एक वजा करून २, एवढाच आकडा रन-अहेड या सेटिंगला द्यायचा, ते काय ते आता सांगतो.

रन-अहेड हे २०१८ मध्ये रेट्रोआर्क १.७.२ मध्ये आलं आणि माझ्या मते एम्युलेशनमधली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे. एम्युलेटर दर फ्रेमला गेमची स्थिती सेव्ह करतो, लपूनछपून एक-दोन फ्रेम पुढे खेळून बघतो, ते पुढचं चित्र तुम्हाला दाखवतो आणि परत सेव्ह केलेल्या जागी येतो. म्हणजे गेमच्या आतला लॅगसुद्धा कापला जातो, मूळ मशीनवरही नसेल एवढा चटकन प्रतिसाद. पण मोजल्यापेक्षा जास्त टाकू नका, उडी मारल्यावर पहिल्या एक-दोन फ्रेम गायब होतात आणि खेळाडू जमिनीवरून झटक्यात वर उडाल्यासारखा दिसतो, ते डोळ्याला फार खुपतं. १ ठेवल्यावर माझा आकडा ९ फ्रेमवर आला, सुमारे ३८ मिलिसेकंद, आणि त्या संध्याकाळी पॅकमॅन परत कोपरे कापायला लागला.

दोन गोष्टींना लॅग समजू नका. मॉर्टल कॉम्बॅट मूळ मशीनवर ५४.७ हर्ट्झवर चालायचा, आर-टाइप ५५ वर, ते ६० हर्ट्झच्या पडद्यावर हिसके देत सरकतात, ते वेगळं दुखणं. आणि मेटल स्लग २ गर्दी झाली की मंद होतो तो तसाच होता, म्हणून तर १९९९ मध्ये मेटल स्लग एक्स काढला.

बोर्डाची गरज लागते ती रन-अहेडला. १ फ्रेम म्हणजे कामाचा बोजा साधारण दुप्पट, २ म्हणजे तिप्पट. पॅकमॅनला पाय ३ ते सहज ओढेल, स्ट्रीट फायटर २ ला १ पर्यंत करून बघा, आवाज फुटला तर त्याऐवजी रेट्रोआर्कमधलंच प्रीएम्प्टिव्ह फ्रेम्स हे सेटिंग लावा, त्यात बटण बदललं तेव्हाच परत मोजणी होते त्यामुळे एरवी बोजा कमी राहतो. तेही पेललं नाही आणि त्याच गेमला २ फ्रेम हव्याच असतील, तर मग नवीन बोर्ड घ्या, पण तेव्हा तुम्हाला नक्की माहीत असेल की कुठल्या गेमसाठी आणि किती मिलिसेकंदांसाठी घेताय.