वाचक विचारतात: हान, ल्यूक की लँडो?

प्रश्न: आमच्या घरात स्टार वॉर्सवरून कायम भांडणं. दादा म्हणतो पुढच्या पिक्चरमध्ये हान आणि ल्यूक हे जुने हिरो पाहिजेतच, नाहीतर तिकीट कशाला काढायचं. मी म्हणतो बास झाले म्हातारे, नवीन पोरांना वाव द्या की. तुम्हीच काय तो निकाल लावा. (सांगली)

उत्तर: निकाल लावला तर दादा आमचं मासिक घरात येऊ देणार नाही, पण बोलतोच. पहिली अडचण म्हणजे दोघंही गोष्टीत मेलेत. हानला 2015 मध्ये पोटच्या पोरानेच मारलं, ल्यूक 2017 च्या पिक्चरच्या शेवटी गेला. ल्यूकचं ठीक आहे, तो जेडाय, म्हणजे अद्भुत शक्तीवाला योद्धा, आणि जेडाय लोकांना मेल्यावर येऊन उपदेश करायची सोय आहे आणि 2019 ला तो तसा आलाही. हान बिचारा साधा स्मगलर, तो परत दिसला तो पोराच्या आठवणीत.

पण आमचं दुखणं वेगळंच आहे. 1983 च्या जुन्या पिक्चरनंतर लोक 32 वर्षं थांबले आणि ल्यूक दिसला कधी तर पिक्चर संपता संपता, कड्यावर उभा, तोंडातून एक शब्द नाही. तोवर हान गेलेला. म्हणजे नव्या तिन्ही पिक्चरमध्ये हान, ल्यूक आणि ल्यूकची बहीण लेया एकाही फ्रेममध्ये एकत्र नाहीत! आणि डिसेंबर 2016 मध्ये लेयाचं काम करणारी कॅरी फिशर गेली, मग विषयच संपला. तिघंही आले हो, हजेरी लागली, पण तिघांनी एकत्र भेटायचं राहूनच गेलं आणि आपण मात्र अजून कोण यावं यावरच भांडतोय.

आमचं मत लँडोला, हानच्या जुन्या दोस्ताला. एकतर तो गोष्टीत अजून जिवंत आहे, आणि हानचं जहाज फाल्कन मुळात त्याचं, हानने पत्त्यात जिंकलेलं. 2019 ला त्याला आणलं खरं पण वाळवंटात रस्ता दाखवायला आणि शेवटी मदतीला जहाजं घेऊन यायला. दोस्त गेला, गाडी राहिली, त्या गाडीत हा माणूस एकटा बसून काय करतो तो सीन द्या ना कुणीतरी. दादाला विचारा, तोही नाही म्हणायचा नाही.

प्रश्न: सी-थ्रीपीओ या सोनेरी रोबोला विसरलात? (वसई)

उत्तर: तो कुठे गेला होता परत यायला? नऊच्या नऊ भागांत आहे, आणि नऊही वेळा अँथनी डॅनियल्सच.

प्रश्न: आता कॉम्प्युटरने चेहरा करता येतो, मग मेलेल्या कलाकारांनाही आणा की. काय हरकत आहे? (पुणे)

उत्तर: आणून झालंय. नट पीटर कुशिंग 1994 ला वारले आणि 2016 च्या रोग वन या स्टार वॉर्स पिक्चरमध्ये खलनायक टार्किन म्हणून चांगले डायलॉग मारताना दिसले, खाली दुसराच नट. पहिल्या सीनला आम्हीही चाट पडलो, मग लक्ष सारखं डोळ्यांकडेच जायला लागलं आणि गोष्ट राहिली बाजूला.

लेयाच्या वेळी 2019 ला वेगळं केलं, 2015 च्या पिक्चरचं न वापरलेलं शूटिंग काढलं आणि त्याभोवती सीन लिहिले. चेहरा खरा, आवाज खरा. पण नीट ऐका, ती तुटक एखादं वाक्य बोलते आणि समोरच्याचा प्रश्न त्या उत्तराला जुळेल असा बेतलेला वाटतो. आम्हाला तरी ते टार्किनपेक्षा जास्त लागलं.