आवाज चढवल्याशिवाय दुकानदार, बँकवाले दाद का देत नाहीत?

आमच्या परभणीकडं हा रिवाजच झालाय. काउंटरवर भांडणाऱ्याचं काम आधी, "साहेब, जरा बघता का" म्हणणारा बाकड्यावर. पण ज्याच्यावर आपण खेकसतो त्या पोराच्या हातात बहुतेक वेळा काहीच नसतं. गर्दीसमोर तमाशा नको म्हणून तो आपल्याला वाटेला लावतो. त्यापेक्षा तक्रार लेखी द्या आणि पोच मागा. (पोच म्हटलं की मोबाईलमध्ये घुसलेली मान लगेच वर येते!) बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. फ्रिज-मोबाईलचं असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, मराठीतही बोलतात. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.